बोट वेगळे आहे? लपवू नका, दाखवा

आमचे सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांचे गाव. येथे माणसाची पारख त्याच्या हातावरून होते. अशा गावात एखाद्या मुलाचा हात जन्मतः वेगळा असला तर तो चारचौघांच्या नजरेत लगेच भरतो. मग मुलगा हात खिशात घालून हिंडू लागतो आणि मुलगी ओढणीखाली हात झाकू लागते. ही मुले दवाखान्यात येतात ती ताप-खोकल्यासाठी, हातासाठी नव्हे. नाडी पाहण्यासाठी हात मागितला की नेमका दुसरा हात पुढे करतात.

हाताच्या हाडांत जन्मतः फरक असणे आपल्याला वाटते तितके विरळ नाही. सर्व प्रकार मिळून हजार बाळांमागे साधारण दोघांच्या हातात असा काही ना काही फरक असतो. त्यातले काही प्रकार मात्र इतके विरळ आहेत की एखाद्या डॉक्टरला उभ्या आयुष्यात एक-दोनच रुग्ण दिसतात. बहुतेक फरक निरुपद्रवी असतात. पण थोड्या मुलांत हाताचे हाड ही आत दडलेल्या दुसऱ्या आजाराची पाटी असते. ती वेळेवर वाचली तर मुलाचा जीव वाचू शकतो. म्हणून आजचा हा विषय.

हाताची घडण कशी होते?

एका हातात २७ हाडे असतात. मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४. अंगठ्याला दोन पेरे आणि बाकी बोटांना तीन-तीन. गर्भधारणेनंतर साधारण चौथ्या आठवड्यात गर्भाला हाताचा अंकुर फुटतो. प्रथम तो वल्ह्याच्या पात्यासारखा चपटा असतो. पुढे बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे नाहीशा होतात आणि बोटे सुटी होतात. आठव्या आठवड्याच्या अखेरीस बाळाचा हात, अगदी चिमुकला का होईना, पण आकाराने पुरा झालेला असतो.

या चार-पाच आठवड्यांत काही कमी-जास्त झाले की हात वेगळा घडतो. मधल्या पेशी नाहीशा झाल्या नाहीत तर बोटे जोडलेली राहतात. अंकुर एका जागी दुभंगला तर बोट जादा येते. अंगठ्याच्या बाजूची वाढ थांबली तर अंगठा किंवा त्या बाजूचे कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड नीट तयार होत नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जन्माच्या वेळी मनगटाची आठही हाडे कूर्चेची, म्हणजे मऊ असतात आणि एक्स-रेमध्ये दिसत नाहीत. पहिली दोन पहिल्या काही महिन्यांत दिसू लागतात, तर शेवटचे दहा-बारा वर्षांच्या सुमारास. त्यामुळे तान्ह्या बाळाच्या एक्स-रेवरून सगळे कळते असे नाही. मूल वाढत असताना तो पुन्हा काढावा लागतो.

ग्रहणाचा काही संबंध नाही

असे मूल जन्मले की घरातले पहिले बोट आईकडे जाते. "गिऱ्हानमा काय चिरं व्हतं तू?" हा प्रश्न बाळंतिणीला आजही विचारला जातो. काही बाळांची बोटे खरोखरच कापल्यासारखी दिसतात, त्यामुळे ही समजूत घट्ट बसली आहे. खरे कारण वेगळे आहे. गर्भाभोवती पाण्याची पातळ पिशवी असते. क्वचित तिच्या आतल्या पापुद्र्याचे धागे सुटतात आणि गर्भाच्या बोटाभोवती गुंडाळले जातात. दोऱ्याने आवळल्यासारखी खाच पडते, कधी पुढचा भाग वाढतच नाही. आईच्या हातातल्या विळीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

वाचकांनी स्वतःच विचार करावा. २४ ऑक्टोबर १९९५ चे सूर्यग्रहण भारतभर दिसले. त्या दिवशी देशात लाखो स्त्रिया गरोदर होत्या. ग्रहणाने बोटे तुटत असती तर पुढच्या काही महिन्यांत गावोगावी अशा बाळांची रांग लागली असती. दुसरे असे, की बोटे आठव्या आठवड्यातच तयार झालेली असतात. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाने ती नाहीशी कशी होतील?

मग खरी कारणे कोणती? पुष्कळदा कोणतेच कारण सापडत नाही, आणि तेव्हा दोष कोणाचाच नसतो. काही वेळा हा गुण घराण्यातून येतो. १९०५ साली अमेरिकेत विल्यम फॅराबी यांनी आखूड बोटांच्या एका घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आई किंवा वडील, एकाकडून एक जनुक आले की आखूड बोटे येतात आणि प्रत्येक अपत्याला ती येण्याची शक्यता निम्मी असते, हे त्यातून दिसले. मेंडेलचा हा नियम माणसाला लागू पडल्याचे ते पहिले उदाहरण ठरले.

तिसरे कारण औषधे. पश्चिम जर्मनीत १९५७ साली थॅलिडोमाइड नावाचे झोपेचे औषध बाजारात आले. गरोदरपणातील मळमळीवरही ते दिले गेले. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली होती. पाळी चुकल्याचे नुकतेच लक्षात येते त्याच दिवसांत हाताचा अंकुर फुटत असतो. म्हणून दिवस राहण्याची शक्यता असलेल्या स्त्रीने मनाने औषध घेऊ नये. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणून घेतल्या आणि गर्भ राहून गेला, तर त्या बाळाला व्यंगाचा धोका असतो. फिटवरील व्हॅल्प्रोएटसारखी औषधेही धोक्याची आहेत. परंतु ती एकदम बंद करू नयेत, कारण फिट आईच्या जिवावर बेतते. दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारून औषध बदलून घ्यावे. मधुमेह असल्यास साखर आधी ताब्यात आणावी. आणि "मुलगाच होईल" म्हणून दिली जाणारी पुडी तर हातातही धरू नये.

जन्मतःच दिसणारे फरक

जादा बोट हा सर्वांत नेहमीचा प्रकार. कधी करंगळीच्या कडेला नुसती कातडीची लोंबती गाठ असते, कधी हाड-नख असलेले पुरे बोट, तर कधी अंगठाच दुहेरी. क्रिकेटपटू गारफील्ड सोबर्स यांना जन्मतः दोन्ही हातांना एकेक बोट जादा होते. अभिनेते हृतिक रोशन यांच्या उजव्या हाताला दुहेरी अंगठा आहे, हे पडद्यावरही दिसते. सहावे बोट भाग्याचे असते असे आपल्याकडे म्हणतात. भाग्याचे माहीत नाही, पण ते दुर्भाग्याचे नाही एवढे खरे.

जोडलेली बोटे हा दुसरा प्रकार. कधी फक्त कातडी जोडलेली असते, कधी आतली हाडेही. बोटे आखूड आणि जोडलेली असतील तर त्याच बाजूच्या छातीकडेही पाहावे. छातीचा मोठा स्नायू नसणे आणि त्या बाजूचा हात लहान असणे अशी एक जोडी आढळते.

तिसरा आणि गंभीर प्रकार म्हणजे वाकडे मनगट. यात अंगठ्याच्या बाजूचे रेडियस नावाचे हाड आखूड असते किंवा नसतेच. हात आतल्या बाजूला वळतो आणि अंगठा लहान असतो किंवा नसतो.

दहा-बारा वर्षांनी डोके वर काढणारे फरक

काही फरकांचे बीज जन्मतः असते, पण ते मूल वाढू लागले की दिसतात. शाळकरी मुला-मुलींच्या पालकांनी हा भाग लक्ष देऊन वाचावा.

मॅडेलुंगचे मनगट. ऑटो मॅडेलुंग या जर्मन शल्यचिकित्सकाने १८७८ साली याचे वर्णन केले. मुलींमध्ये अधिक, आणि बहुधा ८ ते १४ वर्षांच्या दरम्यान. रेडियस हाडाच्या मनगटाकडील टोकाची वाढ एका बाजूला मंदावते. हाड वळते आणि शेजारच्या हाडाचे टोक मनगटाच्या मागे गोटीसारखे वर येते. मुलगी म्हणते, कळशी उचलताना किंवा कपडे पिळताना मनगट दुखते. घरचे म्हणतात, पडली असेल. पुष्कळदा दोन्ही हातांना असते आणि अशा मुलीची उंचीही कमी असू शकते.

किर्नरची करंगळी. १९२७ साली वर्णन झालेला हा खरोखर विरळ प्रकार. यात करंगळीचे शेवटचे पेर हळूहळू तळहाताकडे आणि शेजारच्या बोटाकडे वाकते. हाही मुलींत अधिक, सहसा दोन्ही हातांना. दुखत नाही, किंवा फार थोडे दुखते. त्याला कोणी मोडलेले हाड समजून प्लॅस्टर घालते, कोणी पू झाला समजून गोळ्या देते. दोन्हींची गरज नसते. दोन्ही करंगळ्या सारख्याच वाकल्या असतील आणि मार लागलेला नसेल, तर हा प्रकार आठवावा.

चौथ्या बोटाचे आखूड हाड. मुलाला मूठ आवळायला सांगा. बोटांच्या मुळाशी चार उंचवटे ओळीने दिसतात. करंगळीशेजारच्या बोटाचा उंचवटा नसेल आणि तेथे खळगा असेल, तर तळहातातले ते हाड आखूड आहे. पुष्कळ निरोगी माणसांतही असे असते. परंतु मुलगी वयाच्या मानाने फार बुटकी असेल, पाळी आली नसेल, तर टर्नरचा विकार आहे का हे पाहावे लागते. यात मुलीला दोन एक्स गुणसूत्रांऐवजी एकच असते, किंवा दुसरे अपुरे असते. तो लवकर कळला तर उंचीसाठी आणि पुढे पाळीसाठी उपचार करता येतात. सोळाव्या वर्षी कळला तर उंचीची संधी बहुधा गेलेली असते. काही मुलांत हेच लक्षण शरीरातील कॅल्शियमच्या बिघाडाचे असते. हातापायांत वांब येतात, कधी फिट येते. रक्त तपासले की उलगडा होतो.

हात दाखवतो रक्ताकडे आणि हृदयाकडे

आजच्या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा. अंगठा नसणे, फार लहान असणे, दुहेरी असणे किंवा रेडियस हाड नसणे, यांपैकी काहीही दिसले तर तपासणी हातापुरती थांबवू नये.

१९२७ साली ग्वीदो फॅन्कोनी या स्विस बालरोगतज्ज्ञाने रक्त आटत गेलेल्या तीन भावांचे वर्णन केले. आज त्या आजाराला फॅन्कोनी अ‍ॅनिमिया म्हणतात. अशा निम्म्याच्या आसपास मुलांत अंगठ्याचा किंवा रेडियसचा दोष असतो. अंगावर चहाच्या रंगाचे डाग, बुटकेपणा, लहान डोके हीही लक्षणे दिसतात. पहिली काही वर्षे रक्त ठीक असते. मग पाच ते दहा वर्षांच्या सुमारास हाडांतील मगज रक्त तयार करणे सोडतो. मूल पांढरे पडते, हिरड्यांतून रक्त येते, जरा लागले की काळे-निळे होते. घरचे लोहाचे टॉनिक पाजत राहतात आणि वेळ निघून जाते.

आई-वडील दोघांकडूनही दोषी जनुक आले तरच हा आजार बहुधा होतो. आपल्याकडे मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा करण्याची रीत आहे. सख्ख्या मामे-आते भावंडांची जनुके एक-अष्टमांश समान असतात, त्यामुळे तोच दोष दोघांत असण्याची शक्यता वाढते. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक.

या आजाराची नक्की तपासणी रक्तातील गुणसूत्रांची मोडतोड पाहून करतात. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तेथे या आजारावर बरीच वर्षे काम चालू आहे. मगज बदलण्याचा उपचार उपलब्ध आहे, आणि तो मूल खंगण्यापूर्वी झाला तर अधिक यशस्वी होतो. भाऊ-बहिणीचा मगज जुळतो का हे पाहताना त्यांचीही तपासणी करावी लागते, कारण त्यांनाही तोच आजार असू शकतो.

हृदयाचेही असेच. १९६० साली मेरी हॉल्ट आणि सॅम्युएल ओरम या ब्रिटिश डॉक्टरांनी एक घराणे वर्णिले. त्यातील माणसांचे अंगठे वेगळे होते आणि हृदयाच्या पडद्याला छिद्र होते. अंगठ्याला दोनऐवजी तीन पेरे असतील, तो बोटासारखा लांबट दिसत असेल, तर छातीला स्टेथोस्कोप लावलाच पाहिजे आणि हृदयाची सोनोग्राफी करावी. त्याबरोबर मूत्रपिंडांचीही करून घ्यावी.

काय करू नये

लोंबत्या बोटाला दोरा किंवा घोड्याचा केस आवळून बांधू नये. रक्तस्राव होतो, पू होतो, आणि बोट गळले तरी दुखरी गाठ मागे राहते.

वाकलेले बोट किंवा मनगट हाडवैद्याकडून "बसवून" घेऊ नये. हे हाड निखळलेले नाही, ते तसेच घडले आहे. ओढून ताणले तर वाढीची कूर्चा दुखावते आणि नसलेले व्यंग पदरात पडते.

"मोठे झाल्यावर बघू" असे म्हणून बसू नये. मूल हात कसा वापरायचा हे पहिल्या दोन-तीन वर्षांत शिकते.

काय करावे, केव्हा करावे

पहिल्या महिन्यात बाळाचे संपूर्ण शरीर एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. अंगठ्याच्या बाजूचा दोष असल्यास रक्ताची साधी मोजणी, प्लेटलेटसह, करून घ्यावी आणि पुढे ठरावीक काळाने पुन्हा करावी. खर्च थोडा, उपयोग मोठा.

दुहेरी अंगठ्याची शस्त्रक्रिया साधारण एक ते दीड वर्षाच्या आत-बाहेर करतात. जोडलेली बोटे बहुधा त्याच वयात सोडवतात. पण अंगठा आणि पहिले बोट जोडलेले असेल, किंवा एक बोट दुसऱ्याला वाकवत असेल, तर त्याआधी. एका बोटाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी सोडवत नाहीत, कारण रक्तपुरवठा तुटण्याचा धोका असतो. डॉक्टर दोनदा बोलावतात ते त्यासाठी. वाकड्या मनगटाला मात्र पहिल्या आठवड्यांपासून हलका ताण आणि पट्टी लागते. यासाठी मुंबईचे हस्तशल्यतज्ज्ञ डॉ. बी. बी. जोशी यांनी विकसित केलेली 'जेस' ही पद्धत उपयोगी पडते. बारीक तारा आणि दांड्यांची चौकट बाहेरून बसवून मनगट रोज थोडे थोडे सरळ आणतात. अंगठा नसेल तर पहिले बोट फिरवून त्याचा अंगठा करता येतो.

मॅडेलुंगच्या मनगटाला दुखत नसेल तर नुसती देखरेख पुरते. दुखत असेल, वाकणे वाढत असेल, तर वाढ संपण्यापूर्वी तज्ज्ञाला दाखवावे. किर्नरच्या करंगळीला बहुधा काहीच करावे लागत नाही.

कोठे जावे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यातील पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांना तपासतात. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि हात झाकायला सांगू नका. धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवता येते. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसते का, हे तेथील आरोग्यमित्राला विचारावे.

वाचकांचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न : सोनोग्राफीत बाळाला सहा बोटे दिसली तर गर्भ ठेवावा का? बाकी सर्व तपासणी ठीक असेल तर अवश्य ठेवावा. जादा बोट हे गर्भ पाडण्याचे कारण नव्हे.

दुसरा प्रश्न : मुलीची बोटे आखूड आहेत, लग्न ठरवताना सांगावे का? सांगावे, आणि आधी तपासून घेऊन सांगावे. "हाडाचा फरक आहे, रक्त-हृदय ठीक आहे, पुढच्या पिढीत येण्याची शक्यता इतकी आहे," असे डॉक्टरी कागदासह सांगितलेले लोक समजून घेतात. लपवलेले मात्र सासरी पहिल्याच सणाला उघडे पडते.

हात पुरा नसला तरी माणूस अपुरा नसतो. जम्मू-काश्मीरच्या शीतल देवी जन्मतः हातांविना आहेत. पायाने धनुष्य धरून त्यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये तिरंदाजीत सांघिक कांस्यपदक मिळवले. जानेवारी २०२३ मध्ये परळच्या ग्लोबल रुग्णालयात डॉ. नीलेश सातभाई यांच्या पथकाने जन्मतः एक हात अपुरा असलेल्या एका तरुणीवर हाताचे प्रत्यारोपण केले. प्रत्येकाला एवढे करावे लागत नाही. बहुतेक मुलांना पेन्सिल कशी धरायची, बटण कसे लावायचे हे दाखवणारा माणूस आणि न हसणारा वर्ग, एवढे पुरते. व्यंग मोठे असेल तर दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवावे. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास २०१६ च्या कायद्यानुसार शिक्षण व नोकरीत सवलती मिळतात.

आज संध्याकाळी घरातल्या मुलांना समोर बसवा. दोन्ही हात पसरायला सांगा, मग मुठी आवळायला सांगा. अंगठे सारखे आहेत का, मनगटे सरळ आहेत का, चारही उंचवटे दिसतात का, एवढे पाहा. काही वेगळे दिसले तर मुलाला दोष देऊ नका, सुनेला तर नाहीच नाही. जवळच्या डॉक्टरकडे जा आणि म्हणा, "हा हात जरा बघा."